महिन्याला तीस लेख कशासाठी?

गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीजवळचे एक आंबा बागायतदार माझ्याकडे आले. सोबत मुलगा, मुलाच्या हातात लॅपटॉप. बागेतून थेट घरपोच हापूस विकण्यासाठी त्यांनी तीन वर्षांपूर्वी वेबसाइट काढली होती. साइटवर पानं किती, असं विचारल्यावर मुलगा अभिमानाने म्हणाला, "दोनशे बारा." आणि गूगलवरून ऑर्डरी किती येतात? मुलगा गप्प. उत्तर वडिलांनी दिलं, "आमचं नाव टाकलं तर आम्ही दिसतो. पण ज्याला आमचं नाव माहीत आहे तो गूगलवर कशाला जाईल? तो सरळ फोन करतो!"

एका एजन्सीला त्यांनी महिन्याला तीस लेखांचं काम दिलं होतं, पैसे लेखागणिक. जितकी पानं जास्त तितकी साइट वर, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. काही महिन्यांनी पैसे झेपेनात म्हणून काम थांबलं, पानं मात्र राहिली.

मी तासभर ती पानं वाचत बसलो. मालकांनी स्वतः त्यातलं एकही वाचलेलं नव्हतं, हे त्यांनीच कबूल केलं. निम्मी पानं शहरांची होती : पुण्यात हापूस आंबा, नाशिकमध्ये हापूस आंबा, अमरावतीत हापूस आंबा. मजकूर शब्दशः तोच, फक्त गावाचं नाव बदललेलं. नागपूरच्या पानावर तेही बदलायचं राहून गेलं होतं, त्यामुळे तिथे सोलापूरकर खवय्यांचं स्वागत चाललं होतं. उरलेल्यांत 'आंबा खाण्याचे १० फायदे', 'हापूसचे ११ फायदे', 'उन्हाळ्यात आंबा का खावा' अशी एकाच लेखाची चुलत भावंडं. बऱ्याच लेखांची सुरुवात 'आजच्या धावपळीच्या युगात' अशी. आंब्याला धावपळीच्या युगाशी काय देणंघेणं, हे मला अजून उमगलेलं नाही.

आणि या दोनशे बारा पानांत 'साका' हा शब्द एकदाही नव्हता.

ज्याने हापूस विकत घेतला आहे त्याला साका माहीत असतो, निदान त्याचा अनुभव तरी असतो. आंबा वरून सोन्यासारखा, वास घमघमीत, कापला की आत पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. बाहेरून पाहून तो कळत नाही. गिऱ्हाईक चिडतं, फसवलं म्हणतं, आणि रात्री मोबाइलवर शोधतं : 'हापूस आंबा आतून पांढरा का निघतो'. या प्रश्नाचं उत्तर आमच्या बागायतदारांना तोंडपाठ होतं. हंगामात दिवसाला चारदा तरी ते फोनवर देत होते. साइटवर मात्र ते नव्हतं, कारण लेख लिहिणाऱ्याने बाग पाहिली नव्हती आणि बाग पाहणाऱ्याला कुणी लिहायला सांगितलं नव्हतं.

माझं सगळं म्हणणं एवढ्या गोष्टीत आलं. जे तुम्हालाच माहीत आहे ते ज्या पानावर आहे, ते एक पान शंभर पानांना भारी पडतं. पण 'दर्जेदार लिहा' एवढं सांगून कुणाचं काम होत नाही, म्हणून जरा खोलात जाऊ.

ढिगाने पानं घालण्याची कल्पना आली कुठून? एके काळी ती खरोखर चालत होती. २०१० च्या सुमारास अमेरिकेत 'कंटेंट फार्म' म्हणवल्या जाणाऱ्या कंपन्या जोरात होत्या. लोक गूगलवर काय शोधतात ते पाहायचं, प्रत्येक शोधाला एक लेख, थोडक्या मोबदल्यात, झटपट लिहून घ्यायचा. डिमांड मीडियाची 'ईहाऊ' ही साइट त्यातली सर्वांत गाजलेली. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने क्रमवारीच्या पद्धतीत मोठा बदल केला. नवनीत पांडा या अभियंत्याच्या नावावरून त्याला 'पांडा' म्हणतात. अमेरिकेतल्या जवळपास १२ टक्के शोधांचे निकाल त्याने हलले आणि या कंपन्यांचं कंबरडं मोडलं.

पांडाचा खरा धडा मात्र आपल्याकडे नीट पोचला नाही. साइटच्या एका भागातला सुमार मजकूर सगळ्या साइटला खाली ओढू शकतो, हे गूगलने तेव्हाच जाहीर सांगितलं होतं. म्हणजे नागपूरच्या पानावरचे सोलापूरकर खवय्ये फक्त त्या पानाचं नुकसान करत नव्हते. पेटीतला एक नासका आंबा शेजारच्यांनाही नासवतो, बागायतदारांना हे वेगळं समजवावं लागलं नाही.

पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये माणसांऐवजी सर्च इंजिनसाठी लिहिलेला मजकूर मागे सारणारी आणखी एक व्यवस्था आली आणि मार्च २०२४ मध्ये ती गूगलच्या मुख्य क्रमवारीतच मिसळली गेली. त्याच वेळी स्पॅमचे नियम कडक झाले : केवळ क्रमवारीसाठी घाऊक प्रमाणात पानं तयार करणं हाच गैरप्रकार ठरला, मग ती पानं माणसाने लिहिलेली असोत वा यंत्राने. या बदलांमुळे निकालांतला निकृष्ट आणि नकली मजकूर ४५ टक्क्यांनी घटला, असा गूगलचा दावा आहे. शहराचं नाव बदलून केलेल्या पानांना तर गूगलच्या भाषेत 'डोअरवे' पानं म्हणतात. ती फार पूर्वीपासून निषिद्ध आहेत. तरी आजही ती सर्रास विकली जातात, कारण पानं मोजता येतात आणि बिलावर लिहिता येतात.

यंत्राचा विषय निघालाच आहे तर एक उदाहरण सांगतो. अमेरिकेतल्या 'सीनेट' या जुन्या, नावाजलेल्या साइटने नोव्हेंबर २०२२ पासून पैशांच्या विषयावरचे लेख यंत्राकडून लिहून घेतले. त्यातल्या एका लेखात म्हटलं होतं की, १०,००० डॉलर ३ टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवले तर पहिल्या वर्षी तुम्ही १०,३०० डॉलर कमवाल. कमवाल ३००. बाकीचे दहा हजार तुमचेच होते. व्याज कळणारा कुणीही माणूस हे वाचून थांबला असता, पण थांबून वाचणारं कुणी नव्हतं. बोभाटा झाल्यावर तपासणी झाली, तेव्हा ७७ पैकी ४१ लेखांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. यंत्राची मदत घेऊ नका असं गूगल म्हणत नाही, मीही म्हणत नाही. शुद्धलेखन तपासायला, विस्कळीत टिपणं जुळवायला ती घ्या. पण तुमच्या धंद्यातली एकही गोष्ट ज्याला ठाऊक नाही त्याला तुमच्या धंद्याबद्दल लिहायला बसवू नका. तो माणूस असला तरी नाही.

आता प्रत्यक्ष काम. वेबसाइटवर नवी ओळ लिहिण्याआधी जुन्याची झाडाझडती घ्या. त्यासाठी गूगलचं सर्च कन्सोल पुरतं आणि ते फुकट आहे. साइट तुमचीच आहे एवढं सिद्ध केलं की झालं. त्यातल्या 'परफॉर्मन्स' विभागात कुठलं पान किती वेळा निकालांत दिसलं, किती जणांनी उघडलं आणि काय शोधून ते तिथवर आले, हे सगळं मिळतं. इथे एक मेख आहे. उघडल्या-उघडल्या गेल्या तीन महिन्यांचेच आकडे दिसतात. आमच्या बागायतदारांचा मुलगा ते ऑगस्टमध्ये पाहत होता. आंब्याच्या साइटचे जून ते ऑगस्टचे आकडे पाहून काय कळणार? सगळीच पानं मेलेली वाटत होती. सोळा महिन्यांपर्यंतची माहिती तिथे असते, ती निवडली तेव्हा फेब्रुवारी-मार्चपासूनची चढण दिसली आणि दोनशे बारांपैकी नऊ-दहा पानं खरोखर जिवंत आहेत हेही दिसलं. फटाके, राख्या, गणेशमूर्ती, दहावीचे क्लास, असा कुठलाही हंगामी धंदा असेल तर ही काळजी आधी घ्या.

त्याच कन्सोलमध्ये कुठली पानं गूगलने आपल्या सूचीत घेतली आणि कुठली नाही, याची यादी असते. 'क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड' या शेऱ्याखालची पानं उघडून बघा. गूगलने येऊन पान वाचलं, पण तूर्त सूचीत घेतलं नाही, असा त्याचा अर्थ. आमच्याकडे शहरांची बहुतेक पानं तिथे पडली होती. म्हणजे ज्या पानांचे पैसे मोजले होते, ती शोधात येण्याची शक्यताच नव्हती.

मग एका तक्त्यात सगळी पानं लिहून काढली आणि प्रत्येकासमोर तीनपैकी एक निकाल लिहिला : ठेवायचं, दुसऱ्यात मिसळायचं, काढायचं. मिसळण्याचं काम सर्वांत उपयोगाचं आणि सर्वांत कंटाळवाणं. शहरांच्या शंभरेक पानांचं एक पान झालं : कुठल्या जिल्ह्यात पेटी कुठल्या वारी निघते, किती दिवसांत पोचते, गाडीभाडं किती, कुठे अजिबात पाठवत नाही. फायद्यांच्या भावंडांतून जे दोन परिच्छेद धड होते ते एका पानात घेतले. जुन्या पत्त्यांवरून नव्या पानाकडे वळवण्यासाठी कायमचं पुनर्निर्देशन, तंत्रज्ञांच्या भाषेत '३०१', लावून घ्यायचं. नाहीतर जुन्या लिंकवरून येणारा माणूस बंद दारावर आपटतो. ज्याला पर्यायच नाही ते पान सरळ काढावं. 'पान सापडत नाही' हा संदेश दिसला म्हणून साइटचं काही बिघडत नाही. सगळीच काढलेली पानं मुखपृष्ठाकडे वळवण्याची एक खोड आहे, तिचा उपयोग नाही.

'मधुमेहींनी आंबा खावा का?' हे पानही काढलं. त्यावर मुलाचा जीव होता, कारण ते थोडंफार उघडलं जात होतं. पण आरोग्य आणि पैसा या विषयांवर चुकीचं लिहिलं तर माणसाचं नुकसान होतं, म्हणून गूगल तिथे जास्त काटेकोर असतं. आणि गूगलचं जाऊ द्या, आंबा विकणाऱ्याने साखरेच्या रुग्णाला आंब्याबद्दल सल्ला द्यावा का? डॉक्टरांकडून लिहून घेऊन त्यांच्या नावानिशी छापता येत असेल तर ठेवा, एवढंच मी म्हटलं. ते जमलं नाही.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. पानं कमी करणं हे स्वतःच पुण्यकर्म नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये याच 'सीनेट'ने हजारो जुने लेख काढून टाकल्याची बातमी आली, तेव्हा निव्वळ जुनं आहे म्हणून मजकूर काढल्याने गूगल खूश होतं हा समज खोटा असल्याचं गूगलकडूनच सांगण्यात आलं. २०१६ सालचा लेख आजही कुणाच्या उपयोगाचा असेल तर तो ठेवा, चुकलेलं दुरुस्त करा. मजकुराला हात न लावता वरची तारीख तेवढी ताजी करणं मात्र शुद्ध लबाडी. आणि ज्याच्याकडे सांगण्यासारखं खूप आहे त्याने खूप लिहावं. विकिपीडियाला पानं कमी करा असं कुणी म्हणत नाही.

आता साक्याचं पान. मुलाने पहिला खर्डा केला तो असा : 'हापूस आंब्यामध्ये काही वेळा साका ही समस्या आढळून येते. ही एक नैसर्गिक समस्या असून ग्राहकांनी काळजी करू नये. आम्ही सर्वोत्तम दर्जाचा आंबा देण्यास कटिबद्ध आहोत.' तीन वाक्यं, माहिती शून्य. मी लॅपटॉप मिटायला लावला आणि वडिलांना म्हटलं, "समजा मी ठाण्याहून फोन केलाय. पेटीतले चार आंबे आतून पांढरे निघालेत. मी चिडलोय. बोला."

ते बोलायला लागले. "साहेब, तो साका. वरून आम्हालाही दिसत नाही. कातळावरची जमीन तापते, फळ झाडावर जास्त पिकू दिलं की तो वाढतो. म्हणून आम्ही फळ चौदा आण्यांवर, म्हणजे पूर्ण तयार होण्याच्या जरा आधी काढतो, सकाळी लवकर, झेल्याने, म्हणजे जाळीच्या काठीने, आणि उन्हात पडू देत नाही. तरी एखादा निघतोच. तुम्ही कापलेल्या आंब्याचा फोटो पाठवा, पुढच्या पेटीत तेवढे जास्त घालतो." मुलाने फोनवर ध्वनिमुद्रण केलं होतं. तेच, बोलीतला थोडा राकटपणा काढून, पान झालं. सोबत कापलेल्या साक्याच्या आंब्याचा फोटो आणि शेजारी चांगल्या आंब्याचा. साका होत नाही अशी 'रत्ना' ही जात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये काढली, हेही त्यांनीच जाता जाता सांगितलं. मग लोक तीच का लावत नाहीत? "हापूस मागणारा रत्ना घेत नाही," असं उत्तर मिळालं. तेही पानावर आहे.

विक्रेत्याने आपल्या मालातला दोष साइटवर फोटोसकट दाखवावा का, यावर बापलेकांत थोडी वादावादी झाली. माझं मत स्पष्ट होतं : दोष गिऱ्हाइकाला आधीच माहीत आहे, तो तुमच्या तोंडून ऐकला तर विश्वास बसतो. निकालांचा दर्जा तपासणाऱ्या आपल्या परीक्षकांना गूगल जी मार्गदर्शिका देतं, तिच्यात अधिकार, विश्वासार्हता वगैरेंच्या जोडीला डिसेंबर २०२२ मध्ये 'अनुभव' हा निकष घातला गेला. हे परीक्षक माणसं असतात आणि त्यांच्या गुणांनी एखाद्या पानाचा क्रमांक थेट बदलत नाही. पण वारा कुठल्या दिशेने वाहतो ते त्यावरून समजतं. झेल्याने फळ उतरवणारा हात फोटोत दिसतो, तो अनुभव. बाजारातून उचललेला चकचकीत आंब्याचा फोटो, तो नव्हे.

पानाच्या लांबीबद्दल सगळे विचारतात. गूगलला आवडणारी अशी कुठलीही शब्दसंख्या नाही, हे गूगलनेच लिहून ठेवलंय. आढीचं, म्हणजे आंबे पिकायला ठेवण्याचं, पान तीनशे शब्दांत संपतं : पेटी आली की आंबे मोकळे करा, भाताच्या पेंढ्यात किंवा कागदावर देठ खाली करून एका थरात ठेवा, कच्चे असताना फ्रिजमध्ये घालू नका, मऊ झालेले आधी काढा. त्याला फळांच्या राजाचा इतिहास जोडून हजार शब्द करू नका. पेटी उघडून उभा असलेला माणूस तो वाचत नाही.

शब्द मात्र लोकांचेच वापरा. 'परिपक्वन प्रक्रिया' कुणी शोधत नाही, 'आंबा पिकवायचा कसा' शोधतात. कित्येक जण मराठीच रोमन अक्षरांत लिहून शोधतात, पण म्हणून पान रोमनमध्ये लिहू नका. शीर्षकात आणि पहिल्या दोन ओळींत गिऱ्हाइकाचा शब्द आला की पुरे. एकेका परिच्छेदात सातदा 'हापूस आंबा ऑनलाइन' घालण्याने वाचणारा वैतागतो. आणि पानामागे लपवलेली 'मेटा कीवर्ड'ची यादी भरून देण्याचे कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आपण ती पाहतच नाही हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय.

मग लिहायचं किती? मुलाला मी एक वही घ्यायला लावली. फोनवर जे विचारलं जाईल ते तारखेनिशी तिच्यात उतरवायचं. एकच प्रश्न पाच वेळा आला की त्याचं पान करायचं. खरा हापूस कसा ओळखायचा, २०१८ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा गिऱ्हाइकाला काय उपयोग, कार्बाइडने पिकवलेला कसा कळतो, पेटीत डझन किती बसतात. महिन्याला एक पान झालं तरी भरपूर. एखाद्या महिन्यात एकही नाही झालं तरी चालतं.

परिणामांबद्दल खोटं सांगणार नाही. साफसफाईनंतर दोन महिने काहीच हललं नाही, उलट सूचीतली पानं कमी झाल्याचा आलेख पाहून मुलगा घाबरला होता. असे बदल गूगलच्या लक्षात यायला महिने लागतात. पहिला क्रमांक मिळवून देण्याची हमी कुणीच देऊ शकत नाही, आणि देणाऱ्यापासून लांब राहा असं गूगल स्वतःच सांगतं. 'हापूस आंबा ऑनलाइन' या शोधात ते आजही मोठ्या विक्रेत्यांच्या मागेच आहेत आणि मला वाटतं, राहतील. पण यंदाच्या हंगामात त्यांच्या साइटवरचं सर्वांत जास्त उघडलं गेलेलं पान साक्याचं होतं, आणि ते वाचून आलेले फोन चिडलेल्या माणसांचे नव्हते.

दोनशे बारांची एकोणीस झालेली पानं आता बावीस आहेत. तेविसावं मेच्या पावसात भिजलेल्या आंब्याबद्दल आहे. वहीत तो प्रश्न सहा वेळा आला, फोटो मात्र पुढच्या मेमध्येच मिळेल, म्हणून ते पान अजून चढवलेलं नाही.